पूर्वाश्रमीचे नाव : चर्चच्या दप्तरांतील नोंद आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय

१

'नोंद' हा शब्द मराठवाड्यात अलीकडे साधा राहिलेला नाही. २०२३ साली जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे झालेल्या आंदोलनानंतर निजामकालीन दप्तरांतून 'कुणबी' असा उल्लेख असलेले कागद शोधण्याचे काम शासकीय पातळीवर सुरू झाले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने एका रकान्यात काय लिहिले होते, यावर आजच्या माणसाची सामाजिक ओळख अवलंबून राहू शकते, हे त्यातून सर्वांच्याच लक्षात आले. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र 'नोंद' या लेखनप्रकाराकडे आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे म्हणावे लागते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला आणि अस्सल कागदाविषयीची एक निष्ठा मराठी विद्याव्यवहारात रुजवली. या निष्ठेचे ऋण मोठे आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, कागद हा पुरावा आणि काव्य-कथा-आत्मचरित्र हे वाङ्मय, अशी विभागणी आपण गृहीत धरून चाललो. वाङ्मयेतिहासकार दप्तरात जातो तो लेखकाचा जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या तारखा निश्चित करण्यासाठी. तारीख हाती लागली की वही मिटली जाते. ती वही स्वतः काय करीत होती, तिच्या वाक्यरचनेत माणूस कोणत्या रूपाने प्रवेश करीत होता आणि कोणत्या रूपाने बाहेर ठेवला जात होता, हा प्रश्न विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न वसाहतकालीन चर्चच्या दप्तरांच्या संदर्भात मांडावयाचा आहे. त्यासाठी दोन दप्तरे डोळ्यांसमोर ठेवली आहेत. एक गोव्याचे, सोळाव्या-सतराव्या शतकांतील पोर्तुगीज अमलाचे. दुसरे जालन्याच्या छावणीचे आणि तेथील मिशनचे, एकोणिसाव्या शतकातील. दोहोंत अंतर मोठे आहे. एक कॅथलिक, दुसरे प्रॉटेस्टंट. एक राजसत्तेच्या हाताने धर्मांतर घडविणाऱ्या राज्यातील, दुसरे निजामाच्या मुलुखात परवानगीने वसलेल्या वसाहतीचे. तरीही दोन्हींतील नोंदीचा एक गुण समान आहे. माणूस संस्थेच्या अधिकारकक्षेत येतो त्या क्षणापासूनच नोंद त्याला ओळखू लागते. त्याआधीचे त्याचे आयुष्य तिला नको असते. उरलेच तर ते एखाद्या गौण वाक्यांशात उरते. मराठीत या उरलेल्या भागाला एक नेमका शब्द आहे : पूर्वाश्रम. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा महत्त्वाचा भाग हा त्या गौण वाक्यांशाचा विस्तार आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम नोंदवहीच्या घडणीविषयी. चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेवणे ही आपण समजतो तितकी पुरातन रीत नाही. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये अशी वही ठेवणे सक्तीचे झाले. कॅथलिक जगात ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहाची नोंद बंधनकारक केली, आणि १६१४ च्या रोमन विधिसंग्रहात निरनिराळ्या वह्यांचे नमुने घालून दिले गेले. म्हणजे नोंदवही हा लेखनप्रकार आणि युरोपीय वसाहतींचा विस्तार ही जवळजवळ समकालीन घटिते आहेत. ही वही जहाजातून आली ती नुकतीच घडलेली अशी आली.

या वहीतील वाक्य ठराविक असते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक पाद्र्याने अमुक नावाच्या व्यक्तीस बाप्तिस्मा दिला, आईबाप अमुक, धर्मपिता आणि धर्ममाता अमुक. वाक्याचा कर्ता पाद्री आहे, आणि ज्याच्या आयुष्यात ही घटना घडते तो माणूस वाक्याचे कर्म आहे. दुसरे असे की, हे विधान घडलेल्या गोष्टीचे वर्णन करते तसेच ती गोष्ट सिद्धही करते. पुढे विवाह करताना, वारसा सांगताना, दफनभूमीत जागा मागताना ही ओळच प्रमाण ठरते. भाषिक कृतीच्या सिद्धान्ताचा परिचय असलेल्या वाचकास येथे अधिक सांगण्याची गरज नाही. मिशेल फूको यांनी १९७७ सालच्या एका निबंधात अशा माणसांविषयी लिहिले आहे की, ज्यांच्या आयुष्याला सत्तेचा क्षणभर स्पर्श झाला म्हणूनच त्यांच्याविषयीचे चार शब्द मागे राहिले. चर्चच्या वहीतील बहुसंख्य नावे याच जातीची आहेत. फरक इतकाच की, फूको यांची माणसे अपराधी म्हणून उजेडात येतात. येथे ती अनुग्रह झालेली म्हणून येतात. दोन्ही ठिकाणी त्यांना स्वतः बोलण्याची मुभा नसते.

३

गोव्याकडे वळू. १५१० साली तिसवाडी पोर्तुगिजांच्या हाती गेली. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्या अमलाखाली आली. अल्बुकर्कने पोर्तुगीज शिपायांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करून येथेच वसण्यास उत्तेजन दिले. अशा विवाहित वसाहतकऱ्यांना 'कझाद' म्हणत, आणि ही संज्ञाच मुळी विवाहाच्या नोंदीवर उभी होती. १५९५ साली गोव्यात दप्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु याची त्यावर नेमणूक झाली. पुढे विसाव्या शतकात, १९३० पासून गोवामुक्तीपर्यंत, पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हे दप्तर सांभाळले, त्याची वर्गवारी केली आणि त्यातील कागद प्रसिद्ध केले. गोव्याच्या इतिहासाचे आजचे ज्ञान त्यांच्या या श्रमांवर उभे आहे.

या काळच्या धर्मांतरांत नामकरणाची रीत अशी होती की, नवख्रिस्ती व्यक्तीस संताचे नाव आणि पुष्कळदा धर्मपित्याचे आडनाव मिळे. १५४८ मधील एक प्रसिद्ध उदाहरण पाहावे. गोव्यातील एक प्रतिष्ठित ब्राह्मण लोकू याचा बाप्तिस्मा झाला आणि तो लुकास द सा झाला. 'सा' हे त्या वेळचा गव्हर्नर गार्सिया द सा याचे आडनाव. लोकू आणि लुकास यांतला ध्वनिसारखेपणा कोणाच्याही ध्यानात येईल. परंतु महत्त्वाचे आहे ते आडनाव. लोकूच्या नावामागे जी वंशपरंपरा होती तिच्या जागी राज्यकर्त्याचे कुल येते. एका ओळीत माणसाचा भूतकाळ बदलतो. कागदपत्रांत पुढे अशा व्यक्तींचा उल्लेख होतो तेव्हा अनेकदा 'ख्रिस्ती होण्यापूर्वी ज्याचे नाव अमुक होते' अशी पुस्ती जोडलेली आढळते. जमिनीच्या किंवा वारसाच्या व्यवहारात त्या पुस्तीवाचून काम चालत नसे. पूर्वाश्रम येथे राहतो तो कारकुनाच्या सोयीपुरता.

पण गोव्यात याच माणसाची आणखी एक वही होती, आणि ती चर्चची नव्हती. गोव्यातील गावकरीची व्यवस्था पोर्तुगिजांच्या पूर्वीची. १५२६ साली अफोंसु मेशिया याने 'फोराल' तयार करून तिचे रीतिरिवाज मान्य केले. गावकरीचे सभासदत्व वांगडावर, म्हणजे कुळाच्या शाखेवर, ठरे. उत्पन्नाचा वाटाही त्या आधारे मिळे. गावकर ख्रिस्ती झाला तरी त्याचे वांगड मोडले नाही. पाद्र्याच्या वहीत तो नवे नाव घेऊन जन्मला. गावकरीच्या वहीत मात्र तो जुन्याच जागी, जुन्याच क्रमाने बसून राहिला. गावकरीचे पुष्कळ व्यवहार मोडी मराठीत लिहिले जात, त्याआधीचे गोयकानडी लिपीत. एकच माणूस दोन लिप्यांत, दोन भाषांत, दोन नावांनी नांदत होता. चर्चचे दप्तर आणि गावकरीचे दप्तर वेगवेगळ्या अभ्यासकांनी, वेगवेगळ्या हेतूंनी वाचले. ते एकत्र ठेवून वाचले, तर धर्मांतर म्हणजे एका ओळीत पूर्ण झालेली घटना होती, हा समज टिकत नाही.

या पार्श्वभूमीवर फादर टॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा आरंभ पुन्हा वाचावा. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीत आयुष्य काढले आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ साली रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ते पुन्हा अभ्यासकांच्या हाती दिले. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? मराठी समीक्षेने हा प्रसंग बहुधा ग्रंथरचनेचे निमित्त म्हणून, म्हणजे पुराणांच्या श्रोता-वक्ता परंपरेतील एक संकेत म्हणून वाचला आहे. तो संकेत आहेच. पण त्यात एक मागणीही आहे, आणि ती पूर्वाश्रमाची मागणी आहे. बोलणारा माणूस बाप्तिस्मा नाकारीत नाही. तो सांगतो ते एवढेच की, माझ्या कानाला जी सवय होती ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने गेली नाही. वहीने ज्या माणसाला कर्माच्या विभक्तीत ठेवले, त्याला 'क्रिस्तपुराण' प्रश्नाचा कर्ता करते. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, मराठीच्या ऐश्वर्याची स्तुती केली, याचे कौतुक आपण नेहमी करतो. त्या स्वीकारामागे या श्रोत्याचे दडपण होते, हे सांगावयाचे राहून जाते.

एक गमतीची गोष्ट अशी की, स्वतः स्टीफन्स यांचे नावही दप्तरांत स्थिर राहिले नाही. कोठे ते एस्तेव्हांव आहेत, कोठे बुस्तेन. नाव बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्या पाद्रीच्या बाबतीतही दप्तर इतके निष्काळजी असेल, तर त्याच्यापुढे मान झुकवून उभ्या असलेल्या माणसाच्या नावाचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

४

गोव्याहून जालन्याकडे येताना दप्तराचे रूप बदलते. येथे राज्य निजामाचे होते आणि इंग्रज आले ते फौजेच्या रूपाने. अजिंठ्याच्या डोंगराला लागून असलेल्या भोकरदन तालुक्यात धावडा हे गाव आहे. याच भागात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, इतका नेमका हिशेब आपल्याला मिळतो. घोडदळाचा लेफ्टनंट कर्नल मॅक्सवेल पडला, हे मिळते. जखमींना अजिंठ्यास हलवून तेथे रुग्णालय केले, हेही मिळते. मराठ्यांच्या बाजूस रणात पडलेल्यांचा आकडा सुमारे १२०० असा अंदाजाने दिला जातो. त्यांची नावे त्या हिशेबात नाहीत. एका बाजूला एककापर्यंत मोजलेली संख्या आणि दुसऱ्या बाजूला पूर्णांक शतकांतील अंदाज : या मुलुखाच्या वसाहतकालीन दप्तराचा आरंभ या विषम गणिताने होतो.

पुढे जालन्यास छावणी झाली. तेथे मद्रास सैन्याच्या पलटणी असत, त्यामुळे तेथील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात मद्रास विभागात शोधाव्या लागतात. कंपनीच्या तीनही इलाख्यांतून अशा नोंदींच्या नकला लंडनला जात. मद्रासचे संकलन १६९८ पासूनचे आहे. जालना तेथे 'जौलना' या वर्णलेखनाने वावरते. गोऱ्या शिपायाचे नाव, हुद्दा आणि पलटण हे सर्व व्यवस्थित लिहिलेले असते. परंतु त्याच्या अपत्याची आई एतद्देशीय असेल, तर कंपनीच्या काळातील अशा नोंदींत तिच्या जागी पुष्कळदा केवळ 'नेटिव्ह स्त्री' असे शब्द येतात, किंवा बाप्तिस्म्याने मिळालेले एखादे एकेरी नाव येते. दुर्बा घोष यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात अशा निनावी स्त्रियांचा प्रश्न बंगालच्या संदर्भात सविस्तर मांडला आहे. नोंदीत आई आहे, पण तिला माहेर नाही, जात नाही, गाव नाही. तिचा पूर्वाश्रम गौण वाक्यांशातही उरलेला नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नोंदवही म्हणजे केवळ हिंसा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि ते अपुरे आहे. गावगाड्याच्या कागदांत अस्पृश्य मानलेल्या माणसाचे अस्तित्व येते ते वतन, बलुते, हक्क आणि तंटा यांच्या संदर्भात. तेथे त्याच्या घरातील बाईला किंवा तान्ह्या मुलाला स्वतंत्र ओळ मिळण्याचा प्रसंग विरळा. बाप्तिस्म्याच्या वहीत ती ओळ मिळते. ओळ कोरडी असेल, नाव परके असेल; तरी एका व्यक्तीसाठी एक ओळ, हा हिशेब त्या काळी लहान नव्हता. हे लक्षात घेतल्यावाचून जालन्याच्या मिशनचा अर्थ लागत नाही.

५

जालना मिशनचे नाव नारायण शेषाद्री यांच्याशी जोडलेले आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा अज्ञान म्हणून त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. श्रीपतीला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे, असा पुरस्कार बाळशास्त्री जांभेकरांनी केला आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. या दोन भावांकडे नोंदीच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एकाची नोंद चर्चच्या वहीत झाली आणि प्रश्न मिटला. दुसऱ्याची कोणत्याच वहीत नीट होईना. ख्रिस्ती तो झालाच नव्हता. आणि मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्ल्यामुळे ज्ञातीच्या लेखी तो पूर्वीचाही राहिला नव्हता. जातीलाही आपली एक अलिखित नोंदवही असते आणि तिच्यातून एकदा खोडलेले नाव पुन्हा लिहिणे चर्चच्या वहीत नवे नाव लिहिण्याहून कठीण असते, हे श्रीपती शेषाद्री प्रकरणाने दाखवून दिले.

नारायण शेषाद्री मात्र बाप्तिस्म्यानंतरही नारायण शेषाद्रीच राहिले. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले, नारायण वामन टिळक १८९५ साली. नावे तीच राहिली. पंडिता रमाबाईंना १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी 'मेरी रमा' हे नाव मिळाले, परंतु महाराष्ट्राने आणि त्यांनी स्वतःही 'रमाबाई' हेच नाव चालविले. लोकूचा लुकास होण्याचे सोळावे शतक आणि नारायणाचा नारायणच राहण्याचे एकोणिसावे शतक, यांतील हा फरक केवळ पंथभेदाचा नाही. मधल्या काळात छापखाना, वर्तमानपत्र आणि सार्वजनिक वाद यांनी नावाला एक नवे मोल आणले होते. धर्म बदलूनही नाव न बदलणारा माणूस आपल्या पूर्वीच्या समाजाशी वाद चालू ठेवू शकत होता. पदमनजींनी 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध केले ते अशाच वादाच्या भूमीवर उभे राहून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री जालन्यास आले. तेथे त्यांचे कार्य मुख्यतः मांग समाजात झाले. सालारजंगांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ नवख्रिस्ती कुटुंबांची एक वसाहत उभी केली आणि तिला 'बेथेल' हे नाव दिले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते गेले, तेव्हा पागोटे घातलेल्या या मराठी पाद्र्याविषयी तेथे मोठे कुतूहल निर्माण झाले होते. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

'बेथेल' या नावाचा उगम जुन्या करारातील उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. याकोबाला स्वप्नात शिडी दिसते. जागा झाल्यावर तो त्या ठिकाणाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. लगेच त्या कथनात एक पुस्ती येते, ती अशी की या नगराचे पूर्वीचे नाव लूज होते. धर्मग्रंथाने पूर्वाश्रमीचे नाव पुसले नाही. अब्राम आणि अब्राहाम, याकोब आणि इस्राएल, शौल आणि पौल : जुनी नावे त्या ग्रंथात कथेसह शिल्लक आहेत. म्हणजे नोंदवहीतील विस्मृती ही ख्रिस्ती धर्मकथनाची अपरिहार्य निष्पत्ती नव्हे. ती वहीच्या रकान्यांची, म्हणजे प्रशासनाची निष्पत्ती आहे. हा भेद न केल्यामुळे आपल्याकडील ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा पुष्कळदा धर्माच्या समर्थनात किंवा निषेधात अडकून पडली.

बेथेलमध्ये वसलेल्या मांग कुटुंबांविषयी मिशनचे अहवाल बोलतात ते बहुधा संख्येच्या भाषेत : इतके बाप्तिस्मे, इतके सभासद, शाळेत इतकी मुले. नारायण शेषाद्रींचा पूर्वाश्रम अहवालात गौरवाने येतो, कारण ब्राह्मणाचे धर्मांतर हा मिशनचा विजय होता. मांगाचा पूर्वाश्रम येतो तो जातीच्या नावाने, एकगठ्ठा. तेव्हा नाव राखण्याचा जो अधिकार वर सांगितला, तो सर्वांना सारखा मिळाला नव्हता. या संदर्भात १८५५ साल आठवावे. त्या वर्षी 'ज्ञानोदया'त, म्हणजे अमेरिकन मिशनच्या पत्रात, जोतीराव फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. मुक्ताबाई ख्रिस्ती नव्हती. पण तिला जागा दिली ती मिशनच्या पत्राने, आणि तेथे ती संख्येतील एक नव्हती. तिचे नाव, तिची जात, तिचा संताप आणि तिचा युक्तिवाद यांसह ती उभी होती. एकाच मिशनरी व्यवहारातील अहवाल आणि नियतकालिक हे दोन लेखनप्रकार एकाच समाजाला किती वेगळ्या रीतीने वागवितात, ते येथे दिसते. दप्तर वाचताना लेखनप्रकाराचे भान का हवे, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

६

पाश्चात्त्य नोंदवहीला आपल्याकडे पर्याय नव्हते असे नाही. धावड्याच्या परिसरातच, जयदेववाडी येथे, महानुभावांचे 'जाळीचा देव' हे तीर्थ आहे. चक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने महानुभावांनी 'स्थानपोथी'त नोंदविली आणि 'लीळाचरित्रा'त त्यांच्या आठवणी संकलित केल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने हे संकलन केले ते साक्षीदारांकडे जाऊन, विचारून, पडताळून. एखादी लीळा दोघांच्या आठवणीत दोन प्रकारे असेल, तर तो पाठभेद 'वासना' म्हणून जपण्याची रीत या परंपरेत आहे. येथेही संन्यास आहे, येथेही पूर्वीच्या नावाचा त्याग आहे. परंतु अनुसरलेला माणूस पूर्वी कोण होता, कोणत्या प्रसंगाने आला, काय बोलला, हे लीळा सांगते. पूर्वाश्रमाचा त्याग करावयाचा, पण त्याची आठवण राखावयाची, असा हा व्यवहार आहे.

दुसरे उदाहरण क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेलेला यात्रेकरू उपाध्यायाच्या वहीत आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे नाव आणि गाव नोंदवितो. लिहिता येत असल्यास स्वतःच्या हाताने. ही वही वंशाची सलगता सांगते. मात्र तिच्यातही कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हे विसरता येत नाही, आणि लेकीसुनांना तिच्यात जागा किती मिळाली, हा प्रश्नही उरतोच.

या तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे चर्चच्या वहीचे स्वरूप स्पष्ट होते. क्षेत्राची वही वंश जोडते. लीळा साक्षी जोडते. चर्चची वही तारखेने तोडते. पाठभेदाला तिच्यात जागा नाही. या वहीपुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला लीळेची आणि पुराणाची सवय होती, हे ध्यानात घेतले की, मराठी ख्रिस्ती लेखन कथनाकडे आणि आत्मकथनाकडे एवढ्या ओढीने का वळले, याचा उलगडा होऊ लागतो.

७

या ओढीचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. चर्चच्या वहीत या दोन ओळी आहेत आणि त्यांच्यामध्ये पाच वर्षांचा कोरा कागद आहे. 'स्मृतिचित्रां'चा गाभा त्या कोऱ्या कागदावर लिहिला गेला आहे. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको हिंदू राहिली, हे दोन्ही धर्मांच्या दप्तरांना न मावणारे आयुष्य होते. सोवळे-ओवळे कसे गळत गेले, कोणाच्या हातचे पाणी कधी चालले, नातलगांच्या घरी काय झाले : यातील एकाही गोष्टीसाठी वहीत रकाना नाही. धर्मांतर एका दिवशी झाले असे वही म्हणते. लक्ष्मीबाई ते कसे घडत आले हे दाखवितात, आणि तेही विनोदबुद्धी न सोडता.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. लग्नात ते बदलून लक्ष्मी झाले. म्हणजे चर्चच्या वहीत नाव लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी एक नामांतर, एक पूर्वाश्रम त्यांच्या वाट्याला येऊन गेला होता, आणि तो विधी हिंदू घरातील होता. पुढे बाप्तिस्म्याने मात्र त्यांचे नाव बदलले नाही. धर्मांतराने नाव जाते असे म्हणणाऱ्याला आणि विवाहातील नामांतराविषयी मौन पाळणाऱ्याला 'स्मृतिचित्रे' निरुत्तर करतात. जालन्याच्या वहीतील त्या निनावी 'नेटिव्ह स्त्री'चे आत्मकथन आपल्याकडे नाही आणि मिळण्याचा संभवही नाही. परंतु तिच्या नोंदीत काय नाही याची यादी करावयाची, तर ती 'स्मृतिचित्रे' वाचूनच करता येईल.

८

या विवेचनातून पद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दप्तर आणि वाङ्मय यांचा संबंध पुरावा आणि कलाकृती एवढाच मानू नये. नोंद हाही एक लेखनप्रकार आहे; त्याला कर्ता, कर्म, संकेत आणि गाळलेल्या जागा आहेत. दुसरी अशी की, एका माणसाच्या एकाहून अधिक नोंदी शोधाव्यात : चर्चची आणि गावकरीची, छावणीची आणि मिशनची, अहवालातील आणि नियतकालिकातील. त्यांतील विसंगती ही संशोधनातील अडचण मानून मिटवू नये. अर्थ तेथेच सापडण्याचा संभव अधिक असतो. तिसरी गोष्ट, वाङ्मयकृतीचे वाचन या गाळलेल्या जागांच्या संदर्भात करावे. तसे केल्यास 'क्रिस्तपुराण' आणि 'स्मृतिचित्रे' यांत तीन शतकांचे आणि दोन पंथांचे अंतर असूनही एक नाते दिसते. दोन्हींना पूर्वाश्रमीच्या माणसाला बोलू द्यावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही. 'पूर्वाश्रमीचे महार' हा शब्दप्रयोग १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठीत रूढ झाला. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात हिंदूंपुरती मर्यादा होती. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा नाही. म्हणजे ज्या माणसाचा पूर्वाश्रम चर्चच्या वहीने विसरावयास लावला, त्याचा पूर्वाश्रम गाव विसरत नाही आणि राज्यही मान्य करीत नाही. बेथेलसारख्या वसाहतींतील कुटुंबांच्या वंशजांना बाप्तिस्म्याची ती जुनी ओळ आज कोणत्या कचेरीत, कोणत्या कामासाठी दाखवावी लागते आणि कोणत्या कामासाठी ती अडचणीची ठरते, हे ज्याने पाहिले असेल त्याला नोंदीच्या व्याकरणाचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

मराठवाड्यात आज जुन्या वह्या उघडल्या जात आहेत त्या एका शब्दाच्या शोधासाठी. तो शब्द सापडला की पान उलटले जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच पानावर थोडे अधिक थांबावे. त्या शब्दाच्या आसपासची ओळ कोणी लिहिली, कोणाविषयी लिहिली आणि त्या माणसाला स्वतःला काय सांगावयाचे होते, हे विचारण्याचे काम दुसऱ्या कोणत्या विद्याशाखेने आपल्यासाठी करून ठेवलेले नाही.